रस्त्यांचं जाळं मोजणारं ओएसएमएनएक्स: कोकणातल्या शहरांसाठी कितपत कामाचं?

ओएसएमएनएक्स हे पायथॉन या संगणकभाषेतलं मोफत साधन आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मोफत नकाशावरचे रस्ते उतरवून घ्यायचे, त्यांचं बिंदू आणि रेषांचं जाळं तयार करायचं आणि चौक किती, बंद टोकं किती, गल्ल्यांची लांबी किती हे मोजून द्यायचं, एवढं त्याचं काम. जेफ बोइंग या अमेरिकेतल्या नगररचनेच्या प्राध्यापकाने ते लिहिलं आणि २०१७ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निकाल आधीच सांगायचा तर रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग अशा शहरांची वाढ कोणत्या वळणाने चाललीय हे समजून घ्यायला याहून चांगलं मोफत साधन सध्या नाही. पण जसंच्या तसं चालवलं तर कोकणाबद्दल ते चुकीचं सांगतं, आणि चुकीचे आकडेही दोन दशांश स्थळांपर्यंत नीटनेटके छापून देतं. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग ते कुठे चुकतं आणि कसं सुधारायचं यावरच आहे.

मोजायचं कशासाठी, हे थोडक्यात. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलर्ड-बॉल या दोघांनी अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा अभ्यास २०१५ साली मांडला. नवे रस्ते दशकागणिक अधिकाधिक तुटक, म्हणजे बंद टोकांचे आणि एकमेकांना कमी जोडलेले, होत गेले, १९९४ च्या सुमारास हे टोकाला पोचलं आणि मग हळूहळू सुधारलं, असं त्यात दिसलं. २०२० साली त्यांनी हीच पद्धत जगभर लावली, तेव्हा १९७५ पासून जगाच्या बऱ्याच भागांत नवी वस्ती तुटक रस्त्यांवरच उभी राहत असल्याचं आढळलं. इमारत पाडून नवी बांधता येते, पण एकदा पडलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात. कोकणात आज सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, जे बिनशेती लेआउट पडत आहेत, त्यांचे रस्ते आपल्या नातवंडांनाही वापरायचे आहेत. आज मोजलं तर निदान पुढच्या लेआउटला हरकत घेताना हातात काहीतरी असेल.

बसवणं सोपं आहे. कोंडा-फोर्ज या पायथॉनच्या साधनांच्या भांडारातून वेगळं एन्व्हायरन्मेंट करून त्यातच बसवा. आधीपासून असलेल्या पायथॉनमध्ये थेट घुसवलं तर जिओपांडास आणि शेपली या पूरक साधनांच्या आवृत्त्यांची भांडणं लागतात. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप रत्नागिरीएवढ्या शहराला पुरतो. २.० आवृत्तीत बऱ्याच फंक्शनांची रचना बदलली, त्यामुळे जुने धडे पाहून लिहिलेला कोड अडतो. विशेषतः चौकोनी हद्द आता डावी, खालची, उजवी, वरची या क्रमाने एकत्र द्यावी लागते. कोड नकोच असेल तर क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीमध्ये क्विकओएसएम प्लगइनने रस्ते उतरवता येतात, पण चौकांची मोजणी आणि सफाई मग हाताने करावी लागते.

पहिली अडचण हद्दीची. ओएसएमएनएक्सला गावाचं नाव दिलं की ते नकाशात त्या नावाची हद्द शोधतं. कोकणातल्या अनेक नगरपंचायतींच्या हद्दी ओपनस्ट्रीटमॅपवर आखलेल्याच नाहीत, नुसता एक बिंदू असतो. तिथे काम थांबतं. आणि हद्द असली तरी ती वापरू नका. रत्नागिरीची वाढ नगर परिषदेच्या हद्दीत कमी आणि कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, नाचणे या लगतच्या ग्रामपंचायतींत जास्त दिसते. मांडवी, रामआळी, टिळक आळी हे जुनं शहर. तिथून मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव असं करत वस्ती एका रस्त्याच्या आधाराने रेल्वे स्टेशनकडे आणि पुढे हातखंब्याकडे लांबत गेली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्यानंतर ही ओढ वाढली. नगर परिषदेची हद्द घेतलीत तर वाढीचा नेमका हाच भाग मोजणीबाहेर राहतो. क्यूजीआयएसमध्ये स्वतः बहुभुज काढा, तो जतन करा आणि ‘ग्राफ फ्रॉम पॉलिगॉन’ वापरा.

बहुभुज काढताना खाडी, खाजण, कांदळवन आणि उतारावरचं रान वगळा. चौकांची घनता म्हणजे चौक भागिले चौरस किलोमीटर. भाट्याची खाडी किंवा मिऱ्याचा डोंगर हद्दीत आला की छेद फुगतो आणि दाट आळ्यांचं शहरही विरळ दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने चौरस किलोमीटरमागे किमान १८ किलोमीटर रस्ते आणि ३० टक्के जमीन रस्त्यांसाठी असावी असं सुचवलंय. कोकणातल्या शहराची त्याच्याशी तुलना करायची तर छेदात फक्त वस्तीची जमीन हवी. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये द्यायचं असतं. अक्षांश-रेखांशात मोजलेलं क्षेत्रफळ चुकून दिलं तर उत्तर अब्जावधींच्या घरात येतं. कोकण किनाऱ्यासाठी मीटरमध्ये मोजणारा नकाशा-विभाग यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३. ‘प्रोजेक्ट ग्राफ’ हा विभाग आपोआप निवडतं, पण बहुभुजालाही तोच लावायला विसरू नका.

इथे या साधनाचं एक मोठं कौतुक करायला हवं. हद्दीवर रस्ता कापला गेला की तिथे खोटं बंद टोक तयार होतं. क्यूजीआयएसमध्ये सरळ क्लिप केलं तर अशी खोटी टोकं ढिगाने येतात. ओएसएमएनएक्स आधी हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंतचे रस्ते उतरवतं, चौकाला किती रस्ते मिळतात ते मोजतं आणि मगच कापतं. लहान शहरात हद्दीवरच्या रस्त्यांचं प्रमाण मोठं असतं, म्हणून हा फायदा रत्नागिरी-मालवणला मुंबईपेक्षा जास्त जाणवतो.

आता आकडे कसे वाचायचे. ‘बेसिक स्टॅट्स’ मागितलं की वीसेक आकडे मिळतात. त्यांतले तीन महत्त्वाचे: चौकामागे सरासरी रस्ते, चौकांची घनता आणि बंद टोकांचं प्रमाण. बंद टोकाला १, तिठ्याला ३, चव्हाट्याला ४ असे गुण धरून सरासरी काढली जाते. सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘के ॲव्हरेज’ नावाच्या आकड्याशी. त्यात दुहेरी वाहतुकीचा रस्ता दोनदा मोजला जातो, त्यामुळे तो जवळपास दुप्पट येतो. ५ च्या आसपासचा आकडा पाहून कोणी आपलं शहर अप्रतिम जोडलेलं आहे असं अहवालात लिहिलं, तर ते चूक. ‘स्ट्रीट्स पर नोड ॲव्हरेज’ हाच घ्या.

दुसरा फसवा आकडा वळशाचा. साधन देतं तो वळसा प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याचा आहे: दोन लगतच्या चौकांमधला रस्ता सरळ रेषेपेक्षा किती वाकडा. घाटातल्या रस्त्याला तो लागू पडतो. पण नव्या लेआउटमधले रस्ते सरळसोट असतात आणि शेजारच्या लेआउटमध्ये जायला मात्र मुख्य रस्त्यावर येऊन परत आत शिरावं लागतं. हा वळसा त्या आकड्यात येतच नाही. त्यासाठी सरळ रेषेत ५०० ते १५०० मीटर अंतरावरच्या चौकांच्या जोड्या निवडा, दोनशे-तीनशे पुरेत, प्रत्येकीचा लघुतम मार्ग काढा आणि त्याला सरळ अंतराने भागा. सरासरी न घेता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, कारण खाडीपलीकडची एखादी जोडी सरासरी बिघडवते. चौकटीच्या आदर्श जाळ्यात हे गुणोत्तर सरासरी १.२७ आणि जास्तीत जास्त १.४१ येतं, हे गणित आहे. त्यापासून आपलं शहर किती दूर आहे ते पाहा.

लेआउटचं उदाहरण करून पाहण्यासारखं आहे. मुख्य रस्त्यावरून एक रस्ता आत शिरतो, त्याला चार आडव्या गल्ल्या फुटतात, गल्ल्या आणि रस्ता सगळे कंपाउंडला टेकून संपतात. कुठल्याही सड्यावरचा ठरावीक नकाशा. मुख्य रस्त्यावरचा एक तिठा, आतले चार तिठे, पाच बंद टोकं: दहा बिंदू, गुणांची बेरीज २०, सरासरी २.०. आता चारही गल्ल्यांची टोकं एका मागच्या गल्लीने जोडा, म्हणजे फक्त तीन तुकडे वाढवा. दोन टोकांचे नुसते कोपरे होतात आणि मोजणीतून जातात, मधल्या दोघांचे तिठे होतात, बंद टोक एकच उरतं. आठ बिंदू, बेरीज २२, सरासरी २.७५. प्लॉटच्या मागून काही गुंठे जमीन गेली, पण कचऱ्याची गाडी, टँकर आणि अग्निशमन बंब यांना गल्ल्यांतून मागे घेत बाहेर पडायची गरज उरली नाही. विकास योजनेवर हरकती मागवतात तेव्हा असं दोन ओळींचं गणित नकाशासह जोडावं. ‘रस्ते अपुरे आहेत’ या वाक्यापेक्षा ते खोडणं अवघड असतं.

आणि आता कोकणाचा खास प्रश्न: पाखाडी.

वाडीतून वाडीत, आळीतून बंदरावर, देवळापासून तळ्याकडे जाणारी चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट हा कोकणातल्या वस्तीचा खरा सांधा आहे. गाडीरस्ते नंतर आले आणि डोंगरउतारामुळे ते बहुतेक वेळा वाडीपाशी येऊन थांबतात. ओएसएमएनएक्सचं ‘ड्राइव्ह’ जाळं पायऱ्या आणि पायवाटा पूर्णपणे वगळतं. त्यामुळे ड्राइव्हवर मोजलं की शंभर वर्षांची वाडी आणि कालचा बंद लेआउट दोन्ही सारखेच तुटक दिसतात. प्रत्यक्षात वाडीचं ‘बंद टोक’ पुढे पाखाडीने तीन दिशांना जातं, लेआउटचं कंपाउंडला टेकतं. म्हणून कोकणात एक आकडा कधीच पुरत नाही. ‘ड्राइव्ह’ आणि ‘वॉक’ दोन्ही जाळी काढा, वर सांगितलेला वळसा दोन्हींवर काढा आणि त्यांतला फरक पाहा. जुन्या वस्तीत फरक मोठा येतो, पायी चालणाऱ्याला गाडीपेक्षा बराच जवळचा रस्ता असतो. नव्या वस्तीत तो फरक शून्याकडे जातो. वाढीबरोबर कोकणातल्या शहरांचं काय हरवतंय, ते या एका फरकाइतकं स्पष्ट दुसरा कुठलाच आकडा सांगत नाही.

‘ट्रॅक’ म्हणून आखलेले लाल मातीचे रस्तेही ड्राइव्हमधून गळतात, मग त्यावरून रोज रिक्षा जात असली तरी. उतरवण्याआधी असे रस्ते उपग्रहचित्रावर तपासा आणि वस्तीला जाणारा असेल तर नकाशातच त्याचा प्रकार दुरुस्त करा.

अर्थात वॉक जाळं चांगलं यायला पाखाड्या नकाशावर असायला हव्यात, आणि माडा-पोफळीखालची वाट उपग्रहचित्रात दिसत नाही. तिथे चालूनच नोंद करावी लागते. ओएसमँड किंवा तत्सम ॲपवर जीपीएसचा माग नोंदवा, संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपच्या आयडी संपादकात तो उघडा, त्यावरून रेघ ओढा आणि पायऱ्या असतील तर ‘स्टेप्स’ असा प्रकार द्या. झाडीत जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून जाताना आणि येताना असे दोन माग घ्या आणि मधून रेघ काढा. सगळ्यात जास्त चूक जोडणीत होते. रेघ रस्त्याला टेकलेली दिसते पण दोघांत सामाईक बिंदू नसतो. मग साधन तिथे एक खोटं बंद टोक मोजतं आणि खरा तिठा गाळतं. जोसम संपादकातला तपासनीस असे सांधे दाखवतो, वर चढवण्याआधी तो नक्की चालवा. पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, विसरू नका. एक साकव नसेल तर अख्खी वाडी मुख्य जाळ्यापासून तुटते. दुरुस्त्या करून पुन्हा मोजलं आणि आकडा हललाच नाही, तर घाबरू नका: ओएसएमएनएक्स उतरवलेला माल कॅशे फोल्डरमध्ये साठवतं आणि तोच परत वापरतं. ते फोल्डर पुसा.

जुन्या पाखाड्या शोधायला गाव नकाशा हा उत्तम वाटाड्या आहे. त्यात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये तीन-चार ठळक खुणा जुळवून तो बसवा आणि जागेवर जाऊन वाट अजून चालू आहे का ते पाहा. सरकारी किंवा गूगलच्या नकाशावरून रेघा थेट ओपनस्ट्रीटमॅपवर गिरवू नका, परवान्यात बसत नाही. गडगा (दगडी कुंपण) घालून कोणी वाट अडवली असेल तर त्यावर उपाय वेगळा आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. नव्या रस्त्याची मागणी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. ओपनस्ट्रीटमॅपवरची रेघ तहसीलदारापुढे पुरावा म्हणून चालत नाही, गाव नकाशाच लागतो.

आणखी एक सापळा चौक एकत्र करण्यातला. चौपदरी महामार्गावर दोन बाजूंच्या मार्गिका आणि सेवारस्ते वेगळे आखलेले असतात, त्यामुळे एका चौकाचे चार-सहा बिंदू होतात. ‘कन्सॉलिडेट इंटरसेक्शन्स’ ते एकत्र करतं. पण त्यात दिलेलं अंतर हे प्रत्येक बिंदूभोवतीची त्रिज्या असते: १० दिलंत तर २० मीटरच्या आतले सगळे चौक एक होतात. महामार्गाला ते ठीक आहे, रामआळीसारख्या भागात खरेखुरे वेगळे चौक गिळले जातात. जुन्या भागाला ४-५ आणि महामार्गाच्या पट्ट्याला १०-१२ असे दोन तुकडे वेगळे मोजा.

पनवेल-खारघरकडे प्रश्न उलटा होतो. सिडकोची स्थापना १९७० ची. सेक्टरची आखणी मोठ्या चव्हाट्यांची, त्यामुळे चौकामागे रस्त्यांची सरासरी चांगली येते. मात्र चौक एकमेकांपासून दूर आणि आत फाटकबंद संकुलं. जुन्या पनवेलच्या गल्ल्यांत तिठे जास्त, म्हणून सरासरी कमी, पण घनता भरपूर. सरासरी आणि घनता एकत्र पाहिल्याशिवाय यांतलं काहीच कळत नाही. शिवाय संकुलाचा आतला रस्ता नकाशावर ‘खासगी’ म्हणून नोंदलेला नसेल तर साधन त्याला सार्वजनिक समजतं आणि जोडणी आहे त्याहून चांगली दाखवतं. फाटकं तपासा.

रस्ता कधी पडला हे साधन सांगत नाही, आणि इथे बरेच जण ओपनस्ट्रीटमॅपच्या इतिहासाकडे वळतात. तो इतिहास नकाशा काढण्याचा आहे: २०१९ ला आखलेली पाखाडी पेशवाईतली असू शकते. युरोपीय आयोगाचे जीएचएसएल थर मोफत मिळतात, १९७५ पासून दर पाच वर्षांनी कुठे बांधकाम होतं ते १०० मीटरच्या चौकटीत दाखवतात. प्रत्येक चौकाला तिथे बांधकाम पहिल्यांदा दिसलं ते वर्ष द्यायचं आणि कालखंडानुसार सरासरी काढायची. सड्यावरच्या वस्तीला आणि पनवेलला हे छान चालतं. गुहागरचा खालचा पाट किंवा रेवदंड्याच्या वाड्या माडांखाली झाकलेल्या, तिथे थर फसतो, जुनी वस्ती नवी किंवा अजिबातच नसल्यासारखी दाखवतो. अशा जागी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने १:५०,००० चे नकाशे पाहून ‘जुना गावठाण’ असा बहुभुज हाताने काढणं बरं.

रस्त्यांच्या दिशांचं चक्रही हे साधन काढून देतं. दिसतं सुंदर, कोकणात उपयोग थोडा. गुहागरात समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या पट्टीमुळे दिशा आपोआप एकसारख्या येतात, त्याला नियोजन म्हणता येत नाही. चढ मोजायची सोय आहे, पण मोफत मिळणारी उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटीची असते. ५० मीटरहून लहान तुकड्यांचा चढ धरू नका. फेरीबोटी तर जाळ्यात येतच नाहीत. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा तरीच्या जागी हाताने एक रेषा घालून तिला अंतराऐवजी वाट पाहण्यासकटचा वेळ द्यावा लागतो, नाहीतर साधन तुम्हाला खाडीला लांबचा वळसा घालून आणतं.

पावसाळ्यासाठी मात्र हे साधन फार मोलाचं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तसा प्रसंग जाळ्यावर तपासता येतो. पाण्याखाली जाणारे कॉजवे, मोऱ्या आणि बाजारपेठेतले सखल तुकडे यादी करून जाळ्यातून काढा आणि उरलेले किती वेगळे तुकडे होतात ते मोजा. मग एकेक तुकडा परत घालून पाहा: कोणता एक साकव उंच केला तर सर्वांत जास्त घरं दवाखान्याला जोडलेली राहतात, त्याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. स्थानिक माणसाला पाणी कुठे चढतं हे पाठ असतं, त्यामुळे ही यादी करताना तिथल्या दोन-चार वाडीवाल्यांना शेजारी बसवा.

तयार उत्तर हवं असेल तर बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल यांचा जगाचा नकाशा स्प्रॉलमॅप या संकेतस्थळावर रंगांत पाहता येतो. जिल्ह्याजिल्ह्यांची ढोबळ तुलना करायला तो ठीक. वाडी आणि लेआउट यांतला फरक त्याच्या पल्ल्याबाहेरचा आहे, म्हणून स्थानिक कामाला तो घेऊ नये.

किंमत शून्य, परवाना एमआयटी. पायथॉन येत असेल तर हाताळणी सोपी, नसेल तर दोन-तीन आठवडे शिकण्यात जातील. वास्तुकला आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी, विकास योजनेवर हरकती लिहिणाऱ्या मंडळींनी आणि नगर परिषदांच्या बांधकाम विभागांनी ते जरूर घ्यावं. सुरुवात सबंध शहराने करू नका. एक जुनी आळी आणि एक नवा लेआउट, प्रत्येकी साधारण २० हेक्टर, एवढंच घ्या. त्या दोन तुकड्यांतल्या सगळ्या पाखाड्या आधी नकाशावर चढवा आणि मगच पहिला आकडा काढा.